ती. कंसमामांस, शि. सा. न.

तीर्थस्वरूप कंसमामा यांस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र हथखोजहून लिहिते आहे. इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली विचारत नाही, कारण तुम्हाला काय धाड भरली आहे? २२ डिसेंबर २००३ पासून तुम्ही एकाच वाक्यात मुक्काम ठोकून आहात. भाडं नाही, लाइटबिल नाही, बदली नाही. आमच्या नात्यात खाकी घालणारे चौघं आहेत. एवढी वर्षं एका जागी राहायला त्यांच्यातल्या एकालाही मिळालं नाही.

वाचणाऱ्यांना वाटेल, ही बाई मथुरेच्या राजाला पत्र धाडते आहे. नाही हो. तो कंस त्या मानाने सरळ माणूस. आकाशवाणी झाली, घाबरला, तलवार उपसली. जे केलं ते तोंडावर केलं. मी लिहिते आहे ते छापील कंसाला, या ( ) दोन वाकड्या रेघांना. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने त्या दिवशी अधिसूचना काढली की १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत जो नव्याने लागेल त्याला नवी पेन्शन योजना सक्तीची. आणि लगेच पुढे तुम्ही, मांडी घालून: (पहिल्या टप्प्यात सशस्त्र दले वगळून). बस, एवढंच. जो तुमच्या पोटात शिरला त्याला जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, मरेपर्यंत. जो बाहेर राहिला त्याने मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दहा टक्के कापून द्यायचे, सरकारनेही तेवढेच घालायचे (२०१९ पासून चौदा टक्के), ते पैसे बाजारात खेळायला सोडायचे आणि निवृत्तीच्या दिवशी बघायचं किती जिंकून आले. त्यातलेही निदान चाळीस टक्के विमा कंपनीकडे ठेवून त्यांच्यावर जी काय पेन्शन बसेल ती घ्यायची.

मामा म्हणते आहे यात लाडीगोडी नाही. महाराष्ट्रात पोरं पोलीस शिपायाला मामा म्हणतात. आणि एखाद्याला शेंडी लावली की त्याचा मामा केला म्हणतात. पोलीसमामांचा मामा करणाऱ्याला मग दुसरं काय म्हणू?

माझी ओळख द्यायची राहिली. मी मूळची गोंदियाकडची. वडील भिलाई स्टील प्लांटच्या नोकरीपायी इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. आता मी हथखोजच्या भारी औद्योगिक क्षेत्रात एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात हिशेब लिहिते. माझ्या टेबलापासून वीस पावलांवर बेंडिंग रोल आहे. सकाळी लोखंडाची प्लेट सरळ येते, तीन रोलांमधून पुढे-मागे, पुढे-मागे जाते आणि दुपारपर्यंत अर्धगोल होऊन बाहेर पडते. अशा दोन प्लेटा समोरासमोर उभ्या केल्या की अगदी तुम्ही दिसता. मग वेल्डर त्या जोडून टाकी करतो. तेव्हा सरळ गोष्ट वाकडी करायला किती जोर लागतो, हे मला रोज बघायला मिळतं. आणि माझ्या वहीत तर तुमची वेगळीच कीर्ती आहे. ताळेबंदात एखादा आकडा कंसात घातला की तो वजा समजायचा. तोटा, घट, गेलेले पैसे, सगळे तुमच्या पोटात. सरकारी वाक्यात मात्र उलटं निघालं. तिथे कंसात असणारे जमेला आणि बाहेर उभे असलेले वजा.

लहानपणी गणिताचे गुरुजी कंचेभागुबेव पाठ करून घ्यायचे. आधी कंस सोडवा, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्या अधिसूचनेचं गणित करणाऱ्यांनी थेट भागाकारापासून सुरुवात केली, वजाबाकीपर्यंत आले आणि कंस तसाच सोडून जेवायला गेले. 'सशस्त्र दले' म्हणजे कोण, हे सोडवायचं राहून गेलं.

ते माझ्या धाकट्याला फार महागात पडलं.

धाकटा माझ्या पाठचा. २००६ साली केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बलात, म्हणजे सीआयएसएफमध्ये लागला. भिलाईच्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. प्लांटच्या गेटवर पास बघणारे तेच, आणि त्यांचं एक प्रशिक्षण केंद्र इथेच उतईला आहे. माझी पोरं त्याला मामा म्हणतात, खरा मामा. तो घरी आला की तेवढ्या दिवसांपुरती रायफल जमा केलेली असते, पण उजवा खांदा जरा खालीच राहतो. हा माणूस सशस्त्र आहे की नाही, असा प्रश्न त्याच्या खांद्याला कधी पडला नसावा.

पण तुम्हाला पडला. आणि इथे मामा, मला तुमच्या घराण्याची थोडी वंशावळ काढावी लागेल.

सीआयएसएफचा कायदा १९६८चा, दल उभं राहिलं १० मार्च १९६९ला. तेव्हा ते नुसतं 'बल' होतं, सरकारी कारखाने राखणारं. मग १९७९चा जून उजाडला. बोकारोला, आपल्या भिलाईसारख्याच रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यात, जवानांनी संघटना मागितली, आंदोलन केलं. त्यांच्यावर लष्कर घालण्यात आलं. गोळीबार झाला, जवान मेले. बरेच जण चौकशीशिवाय बडतर्फ झाले आणि ती बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये उचलून धरली. दरम्यान १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि हे बल झालं 'संघराज्याचं सशस्त्र दल'. बघा बरं, शब्द कधी सुचला ते. संघटना मागितल्यावर चार वर्षांनी. फौजेत युनियन नसते. म्हणून तुम्ही फौज.

सीआरपीएफ तर १९४९च्या कायद्यापासून सशस्त्र दल, बीएसएफ १९६८पासून. गृह मंत्रालयाने ६ ऑगस्ट २००४ला पुन्हा पत्र काढून सांगितलं की आमच्या हाताखालची ही सगळी दलं संघराज्याची सशस्त्र दलं आहेत. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीतली दुसरी नोंदही तेच म्हणते: नौदल, भूदल, वायुदल आणि संघराज्याची इतर कोणतीही सशस्त्र दले. एवढे दाखले जमले तर आमच्याकडे तहसीलदार जातीचा दाखला देतो. पण पेन्शनची वेळ आली आणि अर्थ खात्याच्या तोंडून तुम्ही म्हणालात, 'नाही बुवा, आमच्या कंसातली सशस्त्र दलं म्हणजे फक्त संरक्षण मंत्रालयाची. हे गृहखात्याचे. यांचे नियम बाकीच्या सिव्हिल नोकरांचे.'

शिस्त लावायची तेव्हा फौज, पेन्शन द्यायची तेव्हा कारकून. आणि कारकुनालाही नवी योजनाच, तेव्हा त्यातही कसर नाही.

११ जानेवारी २०२३ला दिल्ली उच्च न्यायालयाने ब्याऐंशी याचिका एकत्र ऐकून निकाल दिला की ही दलं सशस्त्र दलं आहेत, सबब कंसाच्या आतली, सबब जुन्या पेन्शनची हक्कदार; नुसते याचिका करणारेच नाहीत, सगळेच. त्या दिवशी धाकट्याचा फोन आला. तो तसा कमी बोलतो. म्हणाला, 'ताई, आम्ही सशस्त्र निघालो.' मी पेढे आणले. पेढे संपले नाहीत तोवर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी निकालाला स्थगिती मिळाली. तेव्हा तो पुन्हा निःशस्त्र झाला. ड्युटीवरची रायफल मात्र कुणी काढून घेतली नाही.

बरं, तुमच्या पोटातले ते 'पहिल्या टप्प्यात' हे शब्द कशासाठी आहेत, मामा? पहिला म्हटलं की दुसरा आलाच. दुसऱ्या टप्प्यात काय करायचा बेत होता? सैनिकांनाही बाहेर काढायचं? सीमेवरच्या पोरांनी हे शब्द वाचले असतील का? मला तर ते लग्नाच्या पत्रिकेत 'सध्यापुरते' असं छापल्यासारखं वाटतं.

आता राज्यांकडे येते. तिथे कंस नव्हता, तिथे नुसती तारीख होती. पण तारीख ही तुमचीच धाकटी बहीण. पूतना म्हणा हवं तर.

माझा मोठा भाऊ, दादा, १९८४ साली मध्य प्रदेश पोलिसात दुर्गला आरक्षक म्हणून लागला. १ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगढ झालं. दादाचा बिल्ला बदलला, चौकी तीच. प्रधान आरक्षक होऊन निवृत्त झाला. त्याला जुनी पेन्शन. पंचवीस तारखेनंतर त्याच्या चेहऱ्यावर काळजी नसते, हे मी निवृत्त माणसात फार क्वचित पाहिलं आहे. राज्याच्या चौथ्या वाढदिवशी, १ नोव्हेंबर २००४ला, राज्योत्सवाच्या मुहूर्तावर छत्तीसगढने आपल्या नव्या नोकरांना नवी पेन्शन लागू केली. वाढदिवसाला लोक पेढे वाटतात, आपल्या सरकारने उलटा नेग मागितला. माझा मुलगा २०१२चा आरक्षक. बाप नाही तर मामाच्या पावलावर पाऊल, म्हणून मोठ्या हौसेने गेला, बस्तरला तीन वर्षं काढून आला. मामा जुन्यात, भाचा नव्यात. कवायतीचं मैदान एक, काठी एक, शिव्या देणारा उस्तादही जवळजवळ तोच.

९ मार्च २०२२ला तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल शेणाची ब्रीफकेस घेऊन अर्थसंकल्प मांडायला आले आणि जुनी पेन्शन परत म्हणाले. आमच्या गल्लीत फटाके. मग कळलं की नव्या योजनेत जमलेले पैसे दिल्लीहून परत येत नाहीत. राज्याने १७,२४० कोटी मागितले; पेन्शन निधीच्या नियामकाने सांगितलं, राज्याला पैसे परत करायची कायद्यात तरतूद नाही. कर्मचाऱ्यांच्या नावाचे पैसे कर्मचाऱ्यांचे, असा त्याचा मथितार्थ. दोघंही कायद्याने बरोबर. मी हिशेब लिहिणारी बाई. दोघंही बरोबर असतात तेव्हा नुकसान तिसऱ्याचं होतं, हे मला ठाऊक आहे. शेवटी तोडगा निघाला की ज्याला जुनी पाहिजे त्याने नोटरी केलेलं शपथपत्र द्यावं, आणि राज्याने २००४पासून घातलेला वाटा व त्याच्यावरचा लाभ निवृत्तीच्या वेळी सरकारला परत करावा. निवड एकदाच, बदलता येणार नाही.

ते शपथपत्र आमच्या स्वयंपाकघरात भरलं गेलं. घरात कागद वाचणारी मीच. मुलगा रात्रपाळी करून आला होता, बूट दारात, मोजे अजून पायात. म्हणाला, 'आई, तू सांग कुठे सही करू.' पुढच्या तीसेक वर्षांत कोणतं सरकार येईल, ते ही योजना ठेवेल की मोडेल, बाजार चढेल की पडेल, हे सगळं मला त्या पानाच्या खालच्या ओळीत ठरवायचं होतं, आणि गॅसवर डाळ होती. मी जुनी लिहिली. बरोबर केलं की चूक, ते तो साठी ओलांडेल तेव्हा कळेल; मी बहुधा नसेन. नोटरीने शिक्का इतका जोरात मारला की मागच्या पानावर उमटला.

गोंदियाचा मावसभाऊ महाराष्ट्र पोलिसात. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ला शासन निर्णय काढला आणि दुसऱ्याच दिवशीपासून, १ नोव्हेंबर २००५पासून नवी योजना लावली. याच्या भरतीची जाहिरात त्याच्या आधीची, नेमणुकीचं पत्र नंतरचं. मधले महिने सरकारी टपालाने खाल्ले आणि तो अठरा वर्षं नव्या योजनेत गेला. मार्च २०२३मध्ये महाराष्ट्रात कर्मचाऱ्यांचा सात दिवसांचा संप झाला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. हा संपात नव्हता. हा मोर्चाच्या बंदोबस्तावर होता. घोषणा याच्या पेन्शनची, दोर धरून उभा हा, आणि गर्दी फारच पुढे आली तर तिला मागे रेटायचं कामही याचंच. 'ओठ हलू देले नाई मी, ताई,' असं सांगत होता. पुढे जानेवारी २०२४मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५च्या आधीची त्यांना जुनी पेन्शन. सुमारे सव्वीस हजार लोक त्यात आले, त्यांत हा आला. बाकीच्यांसाठी सुधारित योजना निघाली. त्याच्याच बॅरेकमधला त्याचा मित्र पुढच्या जाहिरातीचा. दोघं एकाच मोटारसायकलवर ड्युटीला जातात.

तुम्ही विचाराल, ही पत्रं तेच का नाही लिहीत? १९६६चा एक कायदा आहे, पोलिसांचे हक्क मर्यादित करणारा. परवानगीशिवाय संघटना नाही, सभा नाही, वर्तमानपत्रात लिहिणं नाही. मला तसा कायदा नाही. माझा मालक फक्त जीएसटीचा रिटर्न वेळेवर मागतो.

खजिन्याचं दुखणं मला कळत नाही असं समजू नका. माणसं आता जास्त जगतात, पेन्शन पगाराच्या मागे लागते, एक दिवस पुढे जाते. हे मी छोट्या कारखान्याच्या वहीतसुद्धा बघते. पण पैसे नाहीत तर पैसे नाहीत म्हणावं. आमचा मालक सांगतो, बोनस यंदा अर्धा, आणि मान खाली घालतो. त्याने कधी असं म्हटलं नाही की बोनस फक्त कामगारांना आहे आणि तुम्ही कामगार आहात की नाही हे अजून ठरायचं आहे.

शेजारच्या शिक्षिका मला म्हणाल्या, 'तुमचे खाकीवाले तेवढे लाडके, आम्ही काय घोडं मारलंय?' काही नाही मारलं बाई. त्यांच्याकडे मला उत्तर नाही. फक्त त्यांना रविवार असतो, आणि शाळेने त्यांना कधी फौज म्हटलं नाही, एवढंच मी सांगितलं. त्या चहा न घेता गेल्या.

भाऊबीजेची चौथी खाकी आमच्या रक्ताची नाही, पण मी त्यांनाही ओवाळते. गल्लीच्या टोकाला राहतात, सगळे त्यांना काका म्हणतात. नगर सेनेत होते, महाराष्ट्रात ज्यांना होमगार्ड म्हणतात. ही संघटना मुळात मुंबईची. ६ डिसेंबर १९४६ला दंग्यांच्या दिवसांत तिथे सुरू झाली आणि मग देशभर गेली. पंचवीस वर्षं या माणसाने चौकात, मेळ्यात, मतदान केंद्रावर, मंत्र्यांच्या रस्त्यावर ड्युटी केली. सकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी ट्रेलर, सायकली आणि गाई यांच्यामधून वाट काढून देताना मी त्यांना शेकडो वेळा बघितलं आहे. ते कागदावर कोण? स्वयंसेवक. मानसेवी. म्हणजे मान घ्या, सेवा द्या. बोलावलं त्या दिवसाचा भत्ता, न बोलावलं तर घरी. सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०१५ला सांगितलं की यांना नोकरीत कायम करा असं म्हणता येणार नाही, पण तीस दिवसांचा भत्ता निदान पोलीस शिपायाच्या किमान पगाराइतका भरेल असा दर द्या. तेवढंही मोठं होतं. पण भत्त्याला पेन्शन लागत नाही, मामा. इथे तुमची गरजच पडली नाही. कंसाच्या आत की बाहेर हा वाद ज्याचं नाव वाक्यात असतं त्याचा. यांचं वाक्यच नाही.

वय झालं तेव्हा त्यांना सांगितलं, आता येऊ नका. निवृत्त झाले असं म्हणता येत नाही, कारण नोकरी नव्हती. ड्रेस जमा करायला गेले तेव्हा मी सोबत होते, यादी वाचायला. टोपी एक, बेल्ट एक, बूट जोड एक, काठी एक, शिट्टी दोरीसह एक. समोरच्या माणसाने एकेक वस्तू उचलून टिक केली. शिट्टीपाशी थांबला. दोरी होती, शिट्टी नव्हती. काका म्हणाले, हरवली. त्याने वर बघितलं, परत खाली बघितलं आणि टिक केली. त्याचं नाव मी सांगत नाही. त्याच्या पेन्शनचं काय असेल कोण जाणे.

बस्तरचा एक किस्सा मुलाच्या तोंडून ऐकला आणि मग मी निकालच मिळवून वाचला. तिथे गावच्या पोरांना 'विशेष पोलीस अधिकारी' नेमलं होतं. पदवी बघा: विशेष, पोलीस आणि वर अधिकारी. मानधन महिन्याला तीन हजार, काम नक्षल्यांपुढे उभं राहायचं. ५ जुलै २०११ला सर्वोच्च न्यायालयाने हे घटनेविरुद्ध ठरवलं. मग राज्याने त्याच वर्षी नवा कायदा करून त्यांना सहायक आरक्षक केलं. अधिकाऱ्याचा सहायक झाला, म्हणजे पदावनती. तरी पोरं खूश, कारण निदान दलाचं नाव तरी लागलं. नावात काय आहे, असं विचारणाऱ्याने एकदा दंतेवाड्याच्या वेतन शाखेत जाऊन यावं.

तिकडे अमेरिकेतही तुमचे भाऊबंद आहेत बरं का. विस्कॉन्सिन राज्यात पेन्शनसाठी 'संरक्षक व्यवसाय' असा एक वर्ग आहे. पोलीस, अग्निशामक त्यात, आणि त्यांना इतरांपेक्षा बरीच वर्षं आधी पूर्ण पेन्शनवर घरी जाता येतं. जिल्ह्याच्या तुरुंगातले रक्षक त्यात की नाही, यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला. एका जिल्ह्यात आत, शेजारच्यात बाहेर. शेवटी विधिमंडळाने कायदा केला आणि २०२४पासून त्यांना त्या वर्गात घेतलं. म्हणजे सोडवायचा ठरवला तर कंस सुटतो. हे तुम्हाला घाबरवायला सांगते आहे.

मध्यंतरी दिल्लीने युनिफाइड पेन्शन आणली, १ एप्रिल २०२५पासून. पंचवीस वर्षं सेवा झाली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी हमी. निवड करायची मुदत जूनची सप्टेंबर झाली, सप्टेंबरची नोव्हेंबर. दुकानदार 'ऑफर वाढवली' अशी पाटी लावतो तेव्हा गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं. धाकट्याने मला विचारलं, 'ताई, हे घेऊ की न्यायालयाची वाट बघू?' मी म्हटलं, 'तू आधी ठरव, तू सशस्त्र आहेस की नाही.' हसला. मग बराच वेळ फोनवर कुणीच बोललं नाही, मागे कुठेतरी परेडचे हुकूम ऐकू येत होते.

आता मुद्द्याचं बोलते, मामा. तुमच्या नावाच्या राजाला आठव्याची भीती होती. पहिले सहा मारले, सातवा निसटला, आठव्याची वाट बघत झोप उडाली. आमच्याकडेही आठवा येतो आहे: आठवा वेतन आयोग. २८ ऑक्टोबर २०२५ला त्याची कार्यकक्षा मंजूर झाली, अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई. भाऊबीज होऊन पाचच दिवस झाले होते. मी म्हटलं, आला, देवकीचा आठवा आला, आता कंसाचं काही खरं नाही. चष्मा लावून कार्यकक्षा वाचली. आयोगाने ज्या गोष्टी ध्यानात ठेवायच्या त्यांत एक ओळ आहे: कर्मचाऱ्याच्या वर्गणीशिवाय चालणाऱ्या पेन्शन योजनांचा, ज्यांच्यासाठी निधी बाजूला काढलेला नाही असा खर्च. म्हणजे दादाची पेन्शन, आणि तुमच्या पोटातल्या सैनिकांचीसुद्धा. दुसऱ्या टप्प्यात काय करायचा बेत होता, असं मी मघाशी विचारत होते ना?

पाळण्यात अदलाबदल त्याही वेळी झाली होती, पण ती देवकीच्या बाजूने.

तुमची झोप लागत असेल आता. आमच्याकडे भाऊबीजेला चौघं एका वेळी कधीच येत नाहीत. दिवाळीचा बंदोबस्त. यंदा दादा सकाळी आला, मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर ओवाळून घेऊन गेला, धाकटा दुसऱ्या राज्यात. मुलगा रात्री साडेअकराला आला. तो भाऊ नव्हे, पण निरांजन लावलेलंच होतं. काका संध्याकाळी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. ताटात अकरा रुपये टाकले, आणि मग खिशातून नातवासाठी म्हणून काहीतरी काढून पाटावर ठेवलं. पितळेची, तोंडाशी घासून पांढरी पडलेली. नातवाने लगेच तोंडात घातली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी वाजवली. बाहेर एक ट्रेलर खरंच थांबला.

कळावे. लोभ नसावा.

आपली,
चार खाकींची ताई
हथखोज, भिलाई

ता. क. पत्र तपासताना लक्षात आलं, मीही दोन ठिकाणी तुमचा वापर केला आहे. एक तुमची ओळख पटवायला, तेव्हा तुमचं पोट रिकामं होतं. दुसरीकडे सरकारच्या चौदा टक्क्यांना कंसात घातलं. ते वजा समजू नये.